आहेराची वही आणि ग्वान्शी: चीनला पहिल्यांदा खरेदीला जाणाऱ्यांसाठी

नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत माझं प्लास्टिक मोल्डिंगचं छोटं युनिट आहे. मोल्ड, म्हणजे प्लास्टिकची वस्तू ज्यात ओतून घडवतात तो स्टीलचा साचा, बनवून घ्यायला मी २०१५ पासून चीनच्या झेजियांग प्रांतात, ताईझोउ शहरातल्या हुआंगयान भागात जातो. बादली, खुर्ची, गाडीचा बंपर, कशाचाही मोल्ड तिथे बनतो. पहिल्या दोन फेऱ्यांत मी स्टीलचा ग्रेड विचारला, मशिनं पाहिली, भाव घासाघीस करून ठरवला, आणि माणसं मात्र दुखावली. त्याचं नुकसान बरंच सोसलं. आता ओळखीतली मुलं विचारायला येतात, 'काका, चीनला जायचंय, काय काय करू?' त्यांना तोंडी सांगतो तेच इथे सलग लिहितो आहे.

आधी तीन शब्द

ग्वान्शी या शब्दाचा अर्थ आपल्याकडे 'वशिला' असा सांगतात आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. वशिला एकदा लावला, काम झालं, विषय संपला. ग्वान्शी कळायला घरातली आहेराची वही आठवा. लग्नात कोणी काय दिलं हे आई लिहून ठेवते. त्यांच्या घरी कार्य निघालं की वही उघडते, आणि त्यांनी दिलं होतं त्याहून थोडं जास्त देते. मोजून तेवढंच दिलं तर 'हिशेब मिटवला' असं वाटतं, कमी दिलं तर बोलणं होतं. चिनी व्यापाऱ्याच्या डोक्यात अशी वही कायम उघडी असते. त्यातल्या देण्याघेण्याला ते रेनछिंग म्हणतात.

तिसरा शब्द म्येन्झ. शब्दशः चेहरा, पण आपला 'मानपान' त्याच्या सगळ्यात जवळचा. लग्नात व्याह्यांचा मान राहिला नाही तर पंगत कितीही चांगली असो, सगळं फुकट जातं. तिथेही तसंच.

१. मधला माणूस शोधा

अनोळखी कंपनीला ईमेल केली तर उत्तर येतं, भावही येतो. पण तो भाव अनोळखी माणसाला दिलेला असतो. डिलिव्हरीची तारीख, दुरुस्तीची तयारी, अडचणीत रात्री अकराला फोन उचलणं, हे सगळं ओळखीच्या माणसासाठी राखून ठेवलेलं असतं. म्हणून पहिलं काम म्हणजे ओळख करून देणारा माणूस गाठणं. त्याला तिकडे झोंगज्येनरेन म्हणतात, म्हणजे मधला माणूस.

तो कुठे मिळेल? बहुतेकदा तुमच्या आसपासच असतो. तुमच्याकडे चिनी मशीन असेल तर तिच्या इथल्या डीलरला विचारा. नाशिकमध्ये निमा, पुण्यात मराठा चेंबर, अशा संस्थांमधले जुने सभासद वर्षानुवर्षं चीनला जाताहेत. त्यांच्याकडे जाऊन बसा. कोणीच नसेल तर ग्वांगझोच्या कँटन फेअरला जा. हे प्रदर्शन १९५७ पासून भरतं, वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, प्रत्येक वेळी तीन टप्प्यांत. मशिनरी आणि इलेक्ट्रॉनिक्स पहिल्या टप्प्यात असतात, कापड तिसऱ्यात. चुकीच्या टप्प्याचं तिकीट काढून गेलेली माणसं मी पाहिली आहेत, तेव्हा आधी टप्पा बघा. खेळणी, कटलरी, सजावटीचं सामान असा किरकोळ माल हवा असेल तर यिवूची बाजारपेठ. तिथे हजारो गाळे आहेत आणि भारतीय व्यापाऱ्यांबरोबर काम केलेले एजंट सहज मिळतात. कमिशन किती आणि ते कोणाकडून घेणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. दोन्हीकडून घेणारे बरेच असतात. त्यात लपवाछपवी नसेल तर मला गैर वाटत नाही.

मधला माणूस तुमच्यासाठी स्वतःची अब्रू पणाला लावतो, हे नवीन लोकांच्या लक्षात येत नाही. ओळख झाली की त्याला बाजूला सारून थेट व्यवहार सुरू करू नका. ऑर्डर दिलीत तर त्याला कळवा. नाही दिलीत तरी कळवा, कारणासकट. पुढे भांडणाची वेळ आली तर तोच तुमचा एकमेव पूल असतो. माझ्यावर ती वेळ आली, ते पुढे सांगतो.

२. बरोबर काय न्यायचं

• पासपोर्ट आणि धंद्याचा व्हिसा, म्हणजे 'एम' प्रकार. त्यासाठी चिनी कंपनीचं शिक्का मारलेलं निमंत्रणपत्र लागतं. ते मागताना संकोचू नका, त्यांना सवय असते.
• डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या विदेश व्यापार महासंचालनालयाचा, आयईसी नंबर (आयात-निर्यात कोड). हा नसेल तर आयातच होत नाही, तेव्हा जाण्याआधी काढून ठेवा.
• आपल्या मालाला बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं प्रमाणपत्र, लागतं का, याची चौकशी. खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून ते सक्तीचं आहे. माल बंदरात अडकल्यावर कुठलीच ग्वान्शी कामाला येत नाही.
• व्हिजिटिंग कार्डं, मागच्या बाजूला चिनी मजकूर. आपलं नाव चिनी अक्षरांत लिहून घेताना भाषा जाणणाऱ्या माणसाकडूनच घ्या, कारण तिथे प्रत्येक अक्षराला अर्थ असतो. दोनशे तरी न्या.
• आंतरराष्ट्रीय रोमिंगचं सिम. गूगल, जीमेल, व्हॉट्सअॅप तिथल्या हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत, रोमिंगवर बहुधा चालतात.
• अलीपे, मोबाइलवरून पैसे द्यायचं तिथलं अॅप. भाजीवालीसुद्धा क्यूआरवर पैसे घेते. २०२३ पासून परदेशी कार्ड त्याला जोडणं सोपं झालं आहे. थोडे रोख युआनही असू द्या.
• स्वतःचा दुभाषी. कारखान्याची सेल्समधली मुलगी छान इंग्रजी बोलते, पण ती त्यांची माणूस आहे.
• भेटवस्तू. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

३. पहिली भेट

पहिल्या भेटीत भाव काढू नका. कार्ड दोन्ही हातांनी द्या, दोन्ही हातांनी घ्या, वाचा, आणि बैठक संपेपर्यंत टेबलावर समोर ठेवा. मागच्या खिशात घातलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरच दिसतं. नाव हाक मारताना आडनाव आधी, मग पद. ली आडनावाच्या मालकाला किंवा मॅनेजरला 'ली झोंग'. मालकाला सगळे 'लाओबान' म्हणतात. छोट्या कारखान्यांत त्याची बायको, लाओबान्न्यांग, बहुतेकदा हिशेब सांभाळते. तिला नमस्कार न करता थेट मालकाशी बोलायला बसणं ही फार महागात पडणारी चूक आहे. हप्ता कधी जमा झाला आणि माल कधी सोडायचा, हे पुष्कळ ठिकाणी तीच ठरवते.

गप्पा कशाबद्दल? घर, मुलं, गाव. 'कुठले तुम्ही?' हा प्रश्न चीनमध्ये आपल्याइतकाच जिव्हाळ्याचा आहे. एका गावच्या माणसांना ते लाओश्यांग म्हणतात, आणि परगावी लाओश्यांग भेटला की आपल्याकडे 'गाववाला' भेटल्यावर होतं तसं होतं. हुआंगयानची संत्री चीनभर प्रसिद्ध आहेत. मी नागपूरच्या संत्र्यांबद्दल सांगितलं तर लाओबान अर्धा तास संत्र्यांवरच बोलत होता. वयस्कर मंडळी असतील तर डॉक्टर कोटणिसांचं नाव जरूर काढा. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, आणि ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना 'के दीहुआ' म्हणतात, शिज्याझुआंगला त्यांचं स्मारक आहे. मी त्यांच्याच राज्यातला, त्यांचीच भाषा बोलणारा, हे कळल्यावर एका म्हाताऱ्या फोरमनने उठून माझा हात हातात घेतला होता. सीमावादावर, तैवानवर, तिबेटवर मात्र बोलू नका. विषय निघाला तर चहाचं कौतुक करा.

भेट संपता संपता वीचॅटचा, म्हणजे त्यांच्या व्हॉट्सअॅपसारख्या अॅपचा, क्यूआर समोर येईल. चीनमध्ये कार्डापेक्षा त्याला महत्त्व आहे. तुम्ही वयाने किंवा पदाने लहान असाल तर तुम्ही त्यांचा कोड स्कॅन करायचा. भारतात या अॅपवर जून २०२० पासून बंदी आहे, म्हणून पहिल्याच भेटीत सांगून ठेवा की नाशिकला परतल्यावर संपर्क ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर होईल. निर्यात करणाऱ्यांकडे ते बहुधा असतं. हे सांगितलं नाही तर तुमचं गप्प होणं म्हणजे तुम्ही संबंध तोडलेत असा अर्थ होतो.

४. जेवण

चीनमध्ये धंदा गोल टेबलावर ठरतो. कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं असतं. यजमान साधारणपणे दाराकडे तोंड करून बसतो आणि मुख्य पाहुणा त्याच्या उजव्या हाताला. आपल्याकडे पाट मांडल्यावर कोणी बसवल्याशिवाय बसत नाही, तसंच उभं राहा, ते बसवतील. अख्खा मासा आला तर त्याचं डोकं मुख्य पाहुण्याकडे वळवतात. भातात चॉपस्टिक उभ्या रोवू नका. मृताला उदबत्ती लावतात तशा त्या दिसतात.

शाकाहारी असाल तर मधल्या माणसाला आधीच सांगा, ऐनवेळी टेबलावर नको. 'वो छ सू' म्हणजे मी शाकाहारी. पण तेवढ्याने भागत नाही. भाजीत कोंबडीचं पाणी, वरून डुकराचा खिमा किंवा ऑयस्टर सॉस असू शकतो. 'घरची रीत आहे, धर्माचं आहे' असं सांगितलं की लगेच समजून घेतात, कारण बौद्ध शाकाहार त्यांच्या ओळखीचा आहे. 'दीसान्श्येन' नावाची बटाटा, वांगं आणि ढोबळी मिरचीची भाजी मागवा. पहिला घास घेतल्यावर जिवात जीव येतो.

आता दारू. बाइज्यो ही तिथली पांढरी दारू, बहुतेक चांगल्या बाटल्यांवर ५२ किंवा ५३ टक्के लिहिलेलं असतं. छोट्या पेल्यात येते, 'गानबेइ' म्हटलं की पेला रिकामा करायचा. प्यायची की नाही हे घरून ठरवून जा. पहिल्या पेल्याला नाही म्हटलं तर कोणी रागावत नाही. तिसऱ्याला नाही म्हटलं तर प्रश्न येतो, माझ्या आधी दोघांबरोबर प्यायलात, माझ्यात काय कमी? न पिणाऱ्यांसाठी भाषेतच सोय आहे: 'यी छा दाय ज्यो', दारूच्या जागी चहा. मी गेली दहा वर्षं हेच करतो. पण चहा असला तरी विधी पूर्ण करायचा. उठून उभं राहायचं, पेला दोन्ही हातांत धरायचा, वडीलधाऱ्याच्या पेल्याला लावताना आपल्या पेल्याची कड त्याच्या कडेखाली ठेवायची. तेही आपला पेला खाली नेतात, तुम्ही आणखी खाली न्या. टेबलावरच्या प्रत्येकाकडे एकदा जा, कोपऱ्यात बसलेल्या फोरमनकडे तर नक्कीच. मोल्ड तोच बनवणार आहे.

बिलाची झटापट आपल्यासारखीच होते. पहिलं जेवण त्यांचं, ते देऊ द्या. निघण्याआधीचं शेवटचं जेवण तुमचं. त्यासाठी मध्येच हात धुवायला म्हणून उठा आणि काउंटरवर आधीच पैसे भरा. टेबलावर पाकीट काढलं की तुमचं काही चालणार नाही.

५. भेट काय द्यावी

मी पहिल्या फेरीला टेबलावर ठेवायचं सुंदर लाकडी घड्याळ नेलं होतं. दुभाषी मुलीने हॉटेलवरच पाहिलं आणि ते बॅगेतून बाहेर काढू दिलं नाही. घड्याळ भेट देणं, 'सोंग झोंग', याचा उच्चार मरणाऱ्याला शेवटचा निरोप देण्यासारखा होतो. तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

तसंच छत्री नको, तिच्या नावात पांगणं ऐकू येतं. सुरी, कात्री नको, नातं कापलं जातं. चपला-बूट नकोत, म्हणजे आपली कोल्हापुरी चप्पलही घरीच ठेवा. पुरुषाला हिरवी टोपी चुकूनही नको, बायको फसवते आहे असा तिचा अर्थ. चार नगांचा संच नको, चारचा उच्चार मृत्यूसारखा आहे.

सगळ्यात जास्त घोटाळा आकड्यांचा होतो. आपण पाकिटात १०१, ५०१ घालतो, वरचा रुपया शकुनाचा. तिथे शुभकार्याला सम आकडा लागतो, जोडी लागते, आणि विषम रक्कम बहुधा मयताच्या पाकिटात जाते. लाओबानच्या मुलाच्या लग्नात तुम्ही प्रेमाने ५०१ युआन दिलेत तर त्या एका युआनने सगळं बिघडेल. ६०० किंवा ८०० द्या, लाल पाकिटात, कोऱ्या नोटा.

मग न्यायचं काय? मी वारली चित्रांची जोडी नेतो. छत्रपती संभाजीनगरची हिमरू शाल लाओबानच्या आईसाठी नेली होती, ती मी पुढच्या वर्षी गेलो तेव्हा तिच्या खांद्यावर होती. गुंडाळायला लाल कागद घ्या, पांढरा नको. ते दोन-तीनदा नको म्हणतील, आपल्याकडच्या 'कशाला आणलंत एवढं'सारखं. आग्रह करा. समोर उघडणार नाहीत, वाईट वाटून घेऊ नका. मालकाची भेट सगळ्यात भारी, खालच्यांच्या त्याहून कमी. सगळ्यांना एकसारखं दिलं तर मालकाचा मान कमी होतो.

एक इशारा. सरकारी कंपनीतल्या किंवा खात्यातल्या माणसाला भेट, पाकीट, महागडं जेवण काहीही देऊ नका. २०१२ च्या अखेरीपासून शी जिनपिंग यांच्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेने हे सगळं बदललं आहे. खासगी कंपनीतल्या खरेदी-विक्रीच्या माणसाला गुपचूप पैसे देणंही कायद्याने लाचच आहे. जे मालकासमोर देता येत नाही ते देऊच नका.

६. 'नाही' ऐकायला शिका, आणि तक्रार करायलाही

आपण 'बघू' म्हणतो तेव्हा मराठी माणसाला कळतं की हे होणार नाही. तिथले 'बघू' ओळखा. 'यानज्यो यानज्यो', अभ्यास करतो: बहुधा नाही. 'यौ द्यान माफान', जरा अडचणीचं आहे: जवळजवळ नक्की नाही. 'मेई वेन्ती', काही अडचण नाही: तुमचं बोलणं कानावर पडलं, एवढंच. आणि 'छाबुदुओ', जवळपास झालं. मोल्डच्या धंद्यात हा शब्द ऐकला की मी बारीक माप घ्यायचा व्हर्नियर काढतो. 'जमेल का?' असं विचारू नका, उत्तर होच येतं. 'कुठल्या मशीनवर, कोण, कुठल्या तारखेपर्यंत?' असं विचारा.

आता माझी चूक. २०१६ ची गोष्ट. पाच लिटरच्या डब्याच्या झाकणाचा मोल्ड होता, पहिल्या ट्रायलचा नमुना बघायला गेलो होतो. झाकणाच्या कडेला, मोल्डचे दोन भाग जुळतात त्या पार्टिंग लाइनवर, फ्लॅश आला होता, म्हणजे बाहेर आलेलं जादा प्लास्टिक, पातळ पापुद्र्यासारखं. मी अंगठ्याच्या नखाने तो सोलून काढला आणि फोरमन आणि पाच-सहा पोरं उभी असताना मोठ्याने म्हणालो, असलं काम आमच्याकडचा शिकाऊ मुलगाही करत नाही. दुभाषी मुलगी क्षणभर थांबली, मग काहीतरी अगदी थोडक्यात बोलली. लाओबान हसला. झाकण माझ्या हातातून घेतलं, स्वतःच्या खिशात टाकलं, आणि चहाला चला म्हणाला. मला वाटलं, समजलं त्याला.

त्यानंतर तासाभरात येणारं उत्तर तीन-तीन दिवसांनी यायला लागलं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी नकार दिला नाही. स्टील यायचंय, पॉलिशवाला गावी गेलाय, वीज गेली होती. मोल्ड सात आठवडे उशिरा आला आणि माझी दिवाळीची ऑर्डर गेली. शेवटी मधल्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, 'तू बोललास ते खरंच होतं. पण त्याच्या पोरांसमोर बोललास.'

दुरुस्तीचा मार्गही त्यानेच सांगितला. पुढच्या फेरीला त्या झाकणाचा विषयच काढला नाही. त्याच फोरमनसमोर दुसऱ्या एका मोल्डच्या कॅव्हिटीचं, म्हणजे आतल्या पोकळीचं, पॉलिश पाहिलं, ते खरोखर आरशासारखं होतं, आणि लाओबानला विचारलं, हे कसं करता, मला शिकवा. त्याने अर्धा तास समजावलं. दुपारी जेवताना तो आपणहून म्हणाला, 'त्या वेळी आमच्याकडून घाई झाली.' मी म्हणालो, आमच्या ड्रॉइंगमध्येही टॉलरन्स, मापात किती फरक चालेल ते, स्पष्ट नव्हता. तेवढ्यावर दोघांची सुटका झाली.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. दोषाचा नमुना हातात घेऊन मालकाला एकट्याला भेटायचं, दार लावून. आधी जे चांगलं झालंय ते सांगायचं, खोटं नाही, खरंच चांगलं असेल ते. मग नमुना टेबलावर ठेवायचा आणि 'आपण हे कसं सोडवू?' असं विचारायचं. त्याला मागे सरकायला जागा ठेवायची. तारीख मात्र तिथेच ठरवायची आणि संध्याकाळी फोटोसकट ईमेल करायची. बोलणं मऊ ठेवा, पण मागणी ढिली करू नका.

७. कागद पक्के करा

बरेच नवखे उलट्या टोकाला जातात. चार जेवणं झाली, 'लाओ फंग्यौ', जुना मित्र, असा शब्द कानावर पडला, की करार मागायला लाजतात. लाजू नका. 'आमची बँक मागते' असं सांगा. ते खरंही आहे, बँक कागदांशिवाय पैसे पाठवत नाही आणि नंतर बिल ऑफ एंट्री, म्हणजे माल आयात झाल्याचा कस्टमचा कागदही मागते. कोणाचा अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही.

• कंपनीचा बिझनेस लायसन्स मागा. त्यावर १८ अंकी-अक्षरी नोंदणी क्रमांक आणि कायदेशीर प्रतिनिधीचं नाव असतं. हा क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, दुभाष्याला समोर बसवून तपासा.
• कंपनीचं कायदेशीर नाव फक्त चिनी अक्षरांतलं. कार्डावरच्या इंग्रजी नावाला न्यायालयात किंमत नाही. करारात चिनी नाव हवं आणि करार चिनी भाषेतही हवा.
• सहीपेक्षा शिक्का मोठा. गोल, लाल, मध्ये पाच टोकांचा तारा. तो नसेल तर करार अर्धवट समजा.
• ड्रॉइंग देण्याआधी गुप्ततेचा करार, ज्याला एनएनएन म्हणतात: माहिती फोडायची नाही, स्वतः वापरायची नाही, तुम्हाला वगळून धंदा करायचा नाही. आपला ब्रँड चीनमध्येही नोंदवा. तिथे ज्याचा अर्ज आधी त्याचा हक्क, वापर आधी कोणी केला हे सहसा बघत नाहीत.
• पैसे हप्त्यांत. तयार मालाला सर्वसाधारणपणे ३० टक्के आगाऊ, ७० टक्के पाठवण्याआधी किंवा बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, प्रतीवर. मोल्डला बहुतेकदा तीन हप्ते असतात. मधला हप्ता ट्रायलचा नमुना पास झाल्यावरच द्या. शेवटच्या हप्त्याआधी त्रयस्थाकडून तपासणी करून घ्या.
• पैसे करारातल्या कंपनीच्याच खात्यावर. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर नाही.

सगळ्यात घातक सापळा ईमेलचा आहे. 'आमचं बँक खातं बदललं, आता या खात्यावर पाठवा' अशी मेल येते, भाषा तीच, सही तीच. माझ्या ओळखीच्या एका उद्योजकाचे आगाऊ रकमेचे पैसे असेच गेले. मेलबॉक्स हॅक झालेला होता. खातं बदलल्याची मेल आली की मालकाला व्हिडिओ कॉल करा, त्याचा चेहरा बघा, त्याच्या तोंडून खात्याचे शेवटचे आकडे ऐका. चांगली ओळख इथे खरी कामाला येते: तो फोन उचलतो.

८. वही वर्षभर चालू ठेवा

ऑर्डरपुरता फोन करणारा माणूस तिथे पटकन ओळखू येतो. चिनी नववर्ष २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान येतं. कामगार गावी जातात, कारखाना सरकारी सुट्टीपेक्षा कितीतरी जास्त दिवस थंड असतो, आणि परतताना काहीजण नोकरी बदलतात. त्याआधी दोन महिने ऑर्डर मार्गी लावा आणि सणाला 'शिन्न्येन ख्वाइल' लिहून पाठवा. १ ऑक्टोबरपासूनही आठवडाभर सुट्टी असते. शरदाच्या पौर्णिमेचा सण बहुधा आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येतो, कधी कोजागरीला. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला दोन्ही एकाच रात्री होते, मी गच्चीवरून मसाला दुधाचा फोटो पाठवला, तिकडून मूनकेकचा आला. एप्रिलच्या सुरुवातीच्या छिंगमिंगला मात्र शुभेच्छा देऊ नका, तो पितरांचा दिवस आहे. पितृपक्षात आपण कोणाला शुभेच्छा देतो का?

ग्वान्शी माणसाशी असते, कंपनीशी नाही. सेल्सची मुलगी नोकरी सोडून गेली की तुमची सगळी मेहनत तिच्याबरोबर जाते. म्हणून मालक, लाओबान्न्यांग आणि फोरमन, तिघांशी ओळख ठेवा.

आणि ते इकडे आले तर सगळं काम बाजूला ठेवा. विमानतळावर स्वतः जा, ड्रायव्हर पाठवू नका. गाडीत गरम पाण्याचा थर्मास ठेवा, गार पाणी त्यांना सोसत नाही. जेवण तिखट नको.

लाओबान २०१९ च्या जानेवारीत नाशिकला आला होता. दुसऱ्याच दिवशी पोट बिघडलं, हॉटेलवर एकटा पडून होता, म्हणून घरी आणलं. आईने तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलेली, बाजूला लिंबाचं लोणचं. त्याने वाटीत पाहिलं आणि म्हणाला, 'झोउ!' त्यांच्याकडेही आजाऱ्याला हीच पेज देतात आणि तिला झोउ म्हणतात. आई मराठीत आग्रह करत होती, तो चिनीत पुरे म्हणत होता, आणि तीन वाट्या संपल्या.

मे २०२१ मध्ये नाशकात ऑक्सिजनसाठी काय परिस्थिती होती ते इथल्या माणसाला सांगायला नको. मी त्याला काही कळवलं नव्हतं. एका सकाळी व्हॉट्सअॅपवर कुरिअरच्या पावतीचा फोटो आला, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरचा, आणि खाली एकच ओळ होती: 'तुझ्या आईसाठी, पेजेबद्दल.' पैसे विचारले तर त्याने उत्तर दिलं नाही. आईने ते आहेराच्या वहीत लिहून ठेवलं आहे, त्याच्या नावापुढे, तारखेसकट. परतफेडीचा रकाना अजून रिकामा आहे. त्याच्या मुलीचं लग्न पुढच्या वर्षी आहे.